एकस्वे : रॉकेट एंजिने व बिनतारी विद्युत् भारण

नवीन व उपयुक्त शोधाचा परवानगीवाचून वापर करण्यास इतरांना मनाई करण्याचा जो ठराविक मुदतीचा हक्क शासन शोधकाला देते, त्यास एकस्व (पेटंट) म्हणतात. या हक्काच्या मोबदल्यात शोधकाने आपल्या शोधाचे वर्णन आकृत्यांसह प्रसिद्ध होऊ द्यावयाचे असते. मुदत संपली की, शोध सर्वांचा होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ पासून १९९५ पर्यंत ही मुदत एकस्व दिल्याच्या दिवसापासून १७ वर्षे होती. त्यानंतर ती अर्ज केल्याच्या दिवसापासून २० वर्षे करण्यात आली. टेलिफोन किंवा दाढीचे पाते यांसारख्या वस्तूंना एवढी मुदत पुरेशी ठरली, कारण एकस्व मिळाल्यावर थोड्याच वर्षांत त्या बाजारात आल्या. रॉकेट एंजिन आणि तारेवाचून विद्युत् शक्ती पोहोचविण्याची साधने यांचे तसे झाले नाही. या दोन्ही विषयांतील काही मूलभूत अमेरिकन एकस्वे १९१४ या एकाच वर्षी मंजूर झाली व १९३१ मध्ये संपली. त्या वेळी अवकाशात पोहोचलेले एकही रॉकेट नव्हते आणि बिनतारी विद्युत् भारणावर (चार्जिंगवर) चालणारे उपकरणही घरात आले नव्हते. हक्क मिळणे व फळ मिळणे यांतील हे अंतर या दोन्ही विषयांच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळते.

प्रारंभ : रॉकेट ही वस्तू एकस्वाच्या कल्पनेहून जुनी आहे. मराठी कागदपत्रांत तिला ‘बाण’ असाच शब्द येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूरच्या सैन्याने वापरलेल्या लोखंडी नळीच्या बाणांचा ब्रिटिशांना चांगलाच अनुभव आला व त्यांच्या आधारे विल्यम काँग्रीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये वुलिच येथे सुधारित रॉकेटे तयार केली. या रॉकेटाला दिशा राखण्यासाठी लांब काठी लागे. विल्यम हेल यांनी ज्वलनाने निर्माण झालेल्या वायूंचा काही भाग तिरप्या छिद्रांतून सोडून रॉकेटाला स्वतःभोवती फिरते ठेवले व काठीची गरज नाहीशी केली. त्यांना १८४४ मध्ये ब्रिटिश एकस्व मिळाले. अमेरिकेच्या सैन्याने मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात (१८४६–४८) हेल रॉकेटे वापरली. पुढे आटे पाडलेल्या नळीच्या तोफा प्रचारात आल्यावर दारूच्या रॉकेटांचे लष्करी महत्त्व ओसरले आणि हा विषय काही दशके मागे पडला.

त्याला पुन्हा चालना मिळाली ती अवकाशप्रवासाच्या कल्पनेमुळे. रशियातील शाळामास्तर कॉन्स्टंट्यीन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांवर चालणाऱ्या रॉकेटाचे गणित मांडले. बेल्जियममध्ये आंद्रे बिंग यांना १९११ मध्ये वातावरणाच्या वरच्या थरांत जाणाऱ्या, अनेक टप्प्यांच्या रॉकेटाबद्दल एकस्व मिळाले. त्सिओलकोव्हस्कींचा लेख रशियाबाहेर बराच काळ अज्ञात राहिला आणि बिंग यांच्या एकस्वातून प्रत्यक्ष रॉकेट कधी तयार झाले नाही.

गॉडर्ड यांची एकस्वे : रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड (१८८२–१९४५) हे मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठाचे भौतिकीविज्ञ. १९१३ मध्ये त्यांना क्षयाने गाठले व ते जगतील अशी आशा डॉक्टरांना फारशी वाटत नव्हती. सक्तीच्या विश्रांतीच्या याच काळात त्यांनी आपल्या कल्पना एकस्वाच्या अर्जांच्या रूपाने लिहून काढण्यास सुरुवात केली. ७ जुलै १९१४ रोजी त्यांना क्रमांक ११,०२,६५३ चे व १४ जुलै १९१४ रोजी क्रमांक ११,०३,५०३ चे एकस्व मिळाले.

पहिल्या एकस्वात मुख्य रॉकेटाच्या अग्रभागी दुसरे रॉकेट बसविले असून पहिल्यातील इंधन बहुतांशी संपताच दुसरे पेटते. म्हणजे रिकाम्या झालेल्या भागाचे ओझे पुढे वाहून न्यावे लागत नाही. दुसऱ्यात जळण्याचा सर्व माल ज्वलन कोठीत आधीच भरून न ठेवता तो थोडाथोडा करून आत सोडण्याची योजना आहे. त्यामुळे उच्च दाब सोसणारी जाड कोठी लहान ठेवता येते व इंधनाच्या टाक्या पातळ पत्र्याच्या करता येतात. इंधन घन असेल तर कोठीत एकामागून एक काडतुसे सरकविली जातात. द्रव असेल तर दोन वेगळ्या टाक्यांतून पेट्रोल व द्रवरूप नायट्रस ऑक्साइड आणले जाते. टप्पे, स्वतंत्र ज्वलन कोठी व तिला होणारा इंधनाचा अखंड पुरवठा या तीन गोष्टी पुढील काळातील जवळजवळ प्रत्येक द्रवइंधनी अवकाशवाहनात आहेत. त्या अर्थाने ही दोन एकस्वे मूलभूत होत. मात्र ती लिहिली गेली तेव्हा गॉडर्ड यांनी द्रव इंधनाचे एकही रॉकेट उडविले नव्हते.

एकस्वांपेक्षाही महत्त्वाचे ठरले ते १९१५ नंतरचे प्रयोग. दारूच्या रॉकेटातील ऊर्जेपैकी जेमतेम २% ऊर्जा गतीच्या रूपाने मिळते, असे त्यांना मोजमापात आढळले. स्वीडिश अभियंते गुस्टाव्ह द लाव्हाल यांनी १८८८ च्या सुमारास वाफेच्या टरबाइनासाठी एक विशिष्ट प्रोथ (तोटी) योजला होता. तो प्रथम अरुंद होत जातो व नंतर पुन्हा रुंदावतो. अरुंद गळ्यापाशी वायूचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि रुंदावत्या भागात दाब कमी होत असताना तो त्याहूनही वाढत जातो. हा प्रोथ गॉडर्ड यांनी पोलादी कोठीला जोडला तेव्हा कार्यक्षमता ६० टक्क्यांहून अधिक झाली व बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला सु. २,४०० मी. पर्यंत गेला. निर्वात नळीतही रेटा मिळतो हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. एका क्षेत्रातील जुनी युक्ती दुसऱ्या क्षेत्रात नेल्याने केवढा फरक पडतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. वाफेच्या यंत्राच्या त्या तोटीवाचून अवकाशात जाणारे कोणतेही रॉकेट एंजिन आढळणार नाही.

स्मिथसोनियन संस्थेने १९१७ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दिले व त्यांचा निबंध प्रकाशित केला. त्यात चंद्रापर्यंत रॉकेट पाठविण्याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर १३ जानेवारी १९२० रोजी द न्यूयॉर्क टाइम्स ने संपादकीयातून, निर्वातात रॉकेटाला रेटण्यासाठी काहीच नसते एवढेही या प्राध्यापकाला ठाऊक नाही, अशा आशयाची खिल्ली उडविली. (या वृत्तपत्राने १७ जुलै १९६९ रोजी, माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, आपली चूक दुरुस्त केली.) मुळातच अबोल असलेले गॉडर्ड यानंतर अधिकच एकांतप्रिय झाले. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथील एका शेतात त्यांनी पेट्रोल व द्रव ऑक्सिजन यांवर चालणारे जगातील पहिले रॉकेट उडविले. ते अडीच सेकंदांत सु. १२.५ मी. उंच गेले व ५६ मी. अंतरावर पडले.

विमानोड्डाणाचे विक्रमवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या मध्यस्थीने गुगेनहाइम कुटुंबाकडून साहाय्य मिळाल्यावर गॉडर्ड १९३० मध्ये न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील ओसाड प्रदेशात गेले. तेथे घूर्णीने (जायरोस्कोपने) नियंत्रित केलेली पाती एंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोतात बसवून दिशा राखणे, इंधनाचे पंप टरबाइनाने चालविणे, एंजिनाचा पुच्छभाग झुलता ठेवून रॉकेट वळविणे, इंधनाचाच पातळ पडदा कोठीच्या आतील बाजूवर सोडून ती थंड ठेवणे इ. विषयांवर त्यांनी काम केले व एकामागून एक अर्ज केले. मार्च १९३५ मध्ये त्यांचे रॉकेट सु. १,४६० मी. उंच गेले, १९३७ मध्ये ही उंची अडीच किमी.च्या आसपास पोहोचली. पत्नी एस्थर प्रयोगांची छायाचित्रे घेत व टिपणे टंकलिखित करीत. पुढे कायद्याच्या दृष्टीने या टिपणांना मोठे मोल आले.

एकस्वाचे वर्णन प्रसिद्ध होते. पण त्यात दाब किती, धातूची जाडी किती, कोणता प्रयोग का फसला हे नसते. गॉडर्ड यांनी तेवढेच जाहीर केले व बाकीचे स्वतःपाशी ठेवले. १९३६ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेचे तरुण अभियंते फ्रँक मलीना रॉझवेलला जाऊन आले, तेव्हा त्यांनाही फारसे काही पाहावयास मिळाले नाही. परिणामी मलीना व त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकन रॉकेट सोसायटीचे सभासद यांना आपापल्या चुका नव्याने करून शिकावे लागले. कोठीच्या भिंतीतून इंधन खेळवून ती थंड ठेवण्याची पद्धत गॉडर्ड यांनी १९२३ मध्ये हाताळून गुंतागुंतीची म्हणून सोडून दिली होती. तीच पद्धत सोसायटीचे जेम्स वाइल्ड यांनी १९३८ मध्ये यशस्वी केली. त्यांनी तिघा सहकाऱ्यांसह १९४१ मध्ये स्थापिलेल्या रिॲक्शन मोटर्स या कंपनीच्या चार कोठ्यांच्या एंजिनावर एक्स-१ या विमानाने १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ध्वनीचा वेग ओलांडला. गॉडर्ड यांची कामगिरी थोर आहे, पण तिचा प्रसार स्वतः त्यांच्याकडूनच खुंटला, हे नाकारता येत नाही.

जर्मनीचा प्रश्न : जर्मनीच्या व्ही-२ या रॉकेटाचे पहिले यशस्वी उड्डाण ३ ऑक्टोबर १९४२ रोजी झाले. त्याचा रेटा सु. २५ टन होता. गॉडर्ड यांच्या सर्वांत मोठ्या एंजिनाचा अर्ध्या टनाहूनही कमी. १९४५ मध्ये हस्तगत केलेल्या व्ही-२ चे भाग तपासताना टरबाइनावर चालणारे पंप, झोतातील पाती, घूर्णी यांचे आपल्या कामाशी असलेले साम्य गॉडर्ड यांना खटकले व आपल्या शोधांचा वापर झाला, असे त्यांचे मत झाले. हे मत पुष्कळ दिवस प्रचारात होते. गॉडर्ड यांची एकस्वे कोणालाही वाचता येण्यासारखी होती आणि हेर्मान ओबेर्ट यांनी १९२२ मध्ये त्यांचा निबंध पत्र पाठवून मागवून घेतला होता, हेही खरे. तथापि साम्य हे सर्वस्वी अनुकरणातून आले असे मानण्याची गरज नाही. अतिशीत द्रव व तापलेली कोठी यांचा मेळ घालावयाचा म्हटले की, उत्तरे मोजकीच राहतात; पेनेम्यूंडे येथील शेकडो अभियंत्यांना ती स्वतंत्रपणे सापडणे स्वाभाविक होते. शिवाय १९१४ ची दोन्ही एकस्वे तोवर संपून ११ वर्षे झाली होती.

गॉडर्ड यांचे १० ऑगस्ट १९४५ रोजी निधन झाले. त्यांच्या हयातीत ८३ एकस्वे मंजूर झाली होती. एस्थर गॉडर्ड यांनी राहिलेली टिपणे व आकृत्या यांवरून अर्जांचा पाठपुरावा केला व आणखी १३१ एकस्वे मिळविली; एकूण २१४. युद्धोत्तर काळात अमेरिकेचे सैन्य, नौदल व हवाई दल यांची क्षेपणास्त्रे झपाट्याने वाढली आणि त्यांतील पुष्कळ घटक या एकस्वांच्या दाव्यांत येत होते. गुगेनहाइम प्रतिष्ठान व एस्थर गॉडर्ड यांनी शासनाकडे भरपाई मागितली. दीर्घ वाटाघाटींनंतर जून १९६० मध्ये तिन्ही सैन्यदले व राष्ट्रीय विमानविद्या व अवकाश प्रशासन (नासा) यांनी मिळून २०० हून अधिक एकस्वांच्या वापरासाठी १० लाख डॉलर दिले. एकस्वाच्या प्रकरणात अमेरिकन शासनाने तोवर दिलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. गॉडर्ड यांना आयुष्यभरात संशोधनासाठी मिळालेल्या सर्व अनुदानांपेक्षाही ती मोठी होती. मात्र ती मिळण्यास मृत्यूनंतर १५ वर्षे लागली.

नंतरची रॉकेट एंजिने : एकट्या शोधकाचा काळ येथे संपतो. १९४२ मध्ये टेओडोर फोन कार्मान, मलीना, जॉन पार्सन्स आदींनी एरोजेट ही कंपनी काढली, तेव्हापासून एकस्वे बहुधा कंपन्यांच्या किंवा शासनाच्या नावे जाऊ लागली. पुष्कळ शोध तर प्रसिद्धच झाले नाहीत. अमेरिकेत १९५१ च्या शोध-गुप्तता अधिनियमाने संरक्षणास बाधक वाटणाऱ्या अर्जांवर प्रसिद्धीबंदी घालता येऊ लागली. सोव्हिएट संघात शोधकाला एकस्वाऐवजी प्रमाणपत्र मिळे व वापराचा हक्क राज्याकडे राही. टरबाइन चालवून झालेला वायू बाहेर न फेकता तोच मुख्य कोठीत जाळण्याची पद्धत अल्यिक्स्येई इसायेव्ह यांनी तेथे १९४९ मध्ये सुचविली. तिच्यावर चालणारी सोव्हिएट एंजिने पुढे इतकी सरस ठरली की, आरडी-१८० हे रशियन एंजिन २००० पासून अमेरिकेच्याच ॲटलस रॉकेटांना बसविले गेले.

प्रसिद्ध झालेल्या एकस्वांपैकी जेरार्ड एल्व्हरम यांचे क्रमांक ३६,९९,७७२ चे एकस्व (२४ ऑक्टोबर १९७२) विशेष उल्लेखनीय आहे. ते टीआरडब्ल्यू या कंपनीच्या अंतःक्षेपकासंबंधी, म्हणजे कोठीत इंधन व ऑक्सिडीकारक फवारणाऱ्या भागासंबंधी आहे. नेहमीच्या अंतःक्षेपकात शेकडो बारीक छिद्रे असतात. येथे मधोमध एक खुंटी असून तिच्यातून एक द्रव आडवा फेकला जातो. दुसरा द्रव खुंटीभोवतीच्या वर्तुळाकार फटीतून पुढे येऊन त्याला छेदतो. एक बाही मागेपुढे सरकविली की, दोन्ही प्रवाह एकदम कमीजास्त होतात व ज्वलनही अस्थिर होत नाही. अपोलोच्या चांद्रयानाला अलगद उतरविणारे सु. साडेचार टन रेट्याचे एंजिन या पद्धतीचे होते. त्याचा रेटा सु. एक-दशांशापर्यंत खाली आणता येई. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ मोहिमेत स्फोट झाल्यावर याच एंजिनाने यानाला परतीच्या मार्गावर आणले. एकस्वाची मुदत १९८९ मध्ये संपली. टीआरडब्ल्यूमध्ये काम केलेले टॉम म्यूलर यांनी २००२ नंतर स्पेसएक्स कंपनीसाठी मर्लिन एंजिन रचताना तोच अंतःक्षेपक घेतला. या कंपनीने स्वतः मात्र आपल्या एंजिनांवर सहसा एकस्वे घेतली नाहीत. आपले प्रतिस्पर्धी परकी शासने आहेत व त्यांच्याविरुद्ध एकस्व बजावता येणार नाही, उलट एकस्व म्हणजे त्यांना आयता पाठ ठरेल, अशी भूमिका तिच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये मांडली. गॉडर्ड यांचा अनुभव पाहता ही भूमिका निराधार म्हणता येत नाही.

भारतात १९७० चा एकस्व अधिनियम २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याच्या ३५ व्या कलमाने संरक्षणविषयक शोध गुप्त ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला आहे. भारतीय रॉकेट एंजिनांच्या घडणीत मात्र परकी एकस्वांची अडचण फारशी आली नाही. अडचण आली ती निर्यातबंदीची. विकास हे एंजिन फ्रान्सच्या व्हायकिंग एंजिनावर आधारलेले आहे. १९७४ च्या करारानुसार भारतीय अभियंते फ्रान्समध्ये राबले व तंत्र शिकून परतले. या एंजिनाचे भाग घडविण्याच्या कामात मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा मोठा वाटा आहे. याउलट अतिशीत द्रवांवर चालणाऱ्या एंजिनांचे तंत्र देण्याचा रशियाशी १९९१ मध्ये झालेला करार अमेरिकेच्या दडपणामुळे १९९३ मध्ये तंत्र वगळून केवळ तयार एंजिनांपुरता उरला. स्वदेशी अतिशीत एंजिनाचे यशस्वी उड्डाण त्यामुळे ५ जानेवारी २०१४ पर्यंत लांबले.

बिनतारी विद्युत् शक्ती : एका वेटोळ्यातील बदलत्या विद्युत् प्रवाहामुळे शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह प्रवर्तित होतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविले. बिनतारी भारणाचे मूळ तत्त्व एवढेच आहे. मॉरीस ह्यूतँ व मॉरीस लब्लां या फ्रेंच अभियंत्यांना १८९४ मध्ये, मार्गात पुरलेल्या संवाहकातून धावत्या गाडीला प्रवर्तनाने विद्युत् पुरविण्याच्या योजनेबद्दल अमेरिकन एकस्व मिळाले. ही योजना आपल्या काळाच्या फार पुढे होती आणि ती मागे पडली.

निकोला टेस्ला (१८५६–१९४३) यांचा हेतू याहून मोठा, साऱ्या पृथ्वीवर तारेवाचून शक्ती पोहोचविण्याचा होता. क्रमांक ६,४५,५७६ च्या एकस्वात (२० मार्च १९००) प्रेषक व ग्राहक या दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन मंडले असून चारही एकाच कंप्रतेला अनुस्पंदित (मेळ साधलेली) केलेली आहेत. उंचावरील विरळ हवा लाखो व्होल्ट दाबाला संवाहक बनून शक्ती वाहून नेईल, अशी त्यांची अपेक्षा होती. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्झ येथे प्रयोग केल्यावर त्यांनी हवेऐवजी पृथ्वीचाच संवाहक म्हणून विचार केला व १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग बेटावर वॉर्डनक्लिफ येथे मनोऱ्याचे काम सुरू केले. भांडवलदार जे. पी. मॉर्गन यांनी १,५०,००० डॉलर दिले व मोबदल्यात एकस्वांतील ५१% हिस्सा घेतला. मार्कोनी यांनी त्याच वर्षी याहून पुष्कळ साध्या साधनांनी अटलांटिकपार संदेश पाठविल्याचे जाहीर केले व मॉर्गन यांनी पुढे पैसा देण्याचे नाकारले. मनोऱ्याच्या योजनेचे एकस्व (क्रमांक ११,१९,७३२) १९०२ मध्ये अर्ज करूनही १ डिसेंबर १९१४ रोजी, म्हणजे काम बंद पडून कित्येक वर्षे लोटल्यावर हाती आले. १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला.

दूर अंतरावर शक्ती वाहण्याची टेस्ला यांची कल्पना भौतिकीच्या दृष्टीने चुकीची होती. पृथ्वी किंवा वातावरण त्या रीतीने शक्ती पोहोचवीत नाही. अनुस्पंदी मंडलांची मांडणी मात्र अचूक होती. तिचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शासनाने आपली एकस्वे वापरल्याबद्दल मार्कोनी कंपनीने भरपाई मागितली होती. त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९४३ रोजी लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या आधीच्या कामाचा दाखला देऊन मार्कोनी यांच्या चार मंडलांच्या एकस्वातील मुख्य दावे अवैध ठरविले. या निकालाने टेस्ला यांना रेडिओचे जनक ठरविले, असे पुष्कळदा लिहिले जाते; ते बरोबर नाही, कारण न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता. टेस्ला ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलाच्या खोलीत वारले होते.

लांबवर शक्ती पाठविण्याचा निराळा मार्ग दुसऱ्या महायुद्धातील रडारने दाखविला. विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये सूक्ष्मतरंगांच्या शलाकेवर एक लहान हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवले. सूक्ष्मतरंगांचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या आकाशकाचे एकस्व त्यांना १९६९ मध्ये मिळाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सु. दीड किमी. अंतरावर ३० किलोवॉटहून अधिक शक्ती अशा रीतीने पोहोचविण्यात आली. पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये याहून धाडसी योजना मांडली : उपग्रहावर सौर विद्युत् निर्माण करून ती सूक्ष्मतरंगांनी पृथ्वीवर पाठवावयाची. तिचे एकस्व (क्रमांक ३७,८१,६४७) २५ डिसेंबर १९७३ रोजी मंजूर झाले. एवढा भार कक्षेत नेण्यास लागणारी स्वस्त रॉकेटे त्या वेळी नव्हती व १९९० मध्ये एकस्वाची मुदत संपली तेव्हाही नव्हती.

उपकरणांचे भारण : व्यवहारात यश मिळाले ते अंतराचा हव्यास सोडल्यावर. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठाचे जॉन बॉइज व सहकारी यांनी कारखान्यातील फिरत्या गाड्यांना प्रवर्तनाने शक्ती पुरविण्याची पद्धत सिद्ध केली (अमेरिकन एकस्व १९९४). ह्यूतँ व लब्लां यांची कल्पना शंभर वर्षांनी उपयोगात आली, कारण आता उच्च कंप्रतेचा प्रवाह निर्माण करणारी अर्धसंवाहक साधने उपलब्ध होती. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील मारिन सोल्याचिच व सहकारी यांनी २००७ मध्ये दोन अनुस्पंदी वेटोळ्यांच्या साहाय्याने २ मी. अंतरावरील ६० वॉटचा दिवा लावला, कार्यक्षमता सु. ४०% होती. त्यांच्या पद्धतीच्या एका एकस्वाला (क्रमांक ७७,४१,७३४) जून २०१० मध्ये मान्यता मिळाली. टेस्ला यांची मंडले व ही मंडले यांचे नाते उघड आहे. नवा भाग होता तो प्रारण न होऊ देता, केवळ जवळच्या क्षेत्रातून शक्ती नेण्याच्या विश्लेषणाचा.

भ्रमणध्वनीसाठी मीटरभर अंतराचीही गरज नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये स्थापन झालेल्या बिनतारी शक्ती संघाने ‘ची’ हे मानक ठरविले. त्यात चकतीवर ठेवलेल्या उपकरणाला काही मिमी. अंतरावरून, सु. ११० ते २०५ किलोहर्ट्झ कंप्रतेने, आरंभी ५ वॉटपर्यंत शक्ती मिळे व उपकरणच आपला भार कमीजास्त करून किती शक्ती हवी ते चकतीला कळवी. येथे एकस्वाचे स्वरूप पालटले. कोणा एकाचा मूलभूत हक्क राहिला नाही. वेटोळ्याचा आकार, परकी धातूचा तुकडा मध्ये आल्यास तो ओळखणे, संदेशाची रीत अशा बारीकसारीक बाबींवरील एकस्वे अनेक कंपन्यांकडे विखुरली व ती मानकाच्या चौकटीत परवान्याने वापरली जाऊ लागली. प्रतिस्पर्धी मानकांशी काही वर्षे चाललेली चुरस २०१७ मध्ये ॲपल कंपनीने ‘ची’ स्वीकारल्यावर बहुतांशी संपली. वेटोळी एकमेकांसमोर नीट न आल्यास शक्ती वाया जाते, हा जुना दोष मात्र राहिलाच. एकाच चकतीवर कोठेही ठेवलेली तीन उपकरणे भारित करण्याची त्याच कंपनीने २०१७ मध्ये घोषित केलेली योजना मार्च २०१९ मध्ये सोडून द्यावी लागली. २०२३ मधील सुधारित मानकात हा दोष चुंबकांच्या कड्याने उपकरण जागेवर ओढून घेऊन दूर केला आहे.

३ जानेवारी २०२३ रोजी मर्लिन एंजिनांच्या फाल्कन-९ रॉकेटाने कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेचे एक प्रायोगिक उपकरण कक्षेत नेले. त्या उपकरणाने अवकाशात सूक्ष्मतरंगांनी शक्ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवून तेथे लहान दिवे लावले, तसेच पृथ्वीच्या दिशेने पाठविलेले तरंग संस्थेच्या छपरावरील ग्राहकाला मिळाले. एल्व्हरम यांच्या अंतःक्षेपकाचे एकस्व त्या वेळी संपून ३३ वर्षे झाली होती व ग्लेझर यांचे ३२.